समुद्र ओसरल्यावर किनाऱ्यावरचे जीव कसे पाहावेत: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

हाजीअली आणि वरळीच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहेत, हे जन्म मुंबईत काढलेल्या माणसालाही सांगितलं तर पटकन खरं वाटत नाही. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी २०२० साली तिथल्या काही प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे हलवल्या, तेव्हा बातम्या वाचून अनेकांना ही गोष्ट पहिल्यांदा कळली. जुहू, कार्टर रोड, अलिबाग, हर्णै, रत्नागिरी, मालवण, पलीकडे गोव्यात हणजुणे. या सगळ्या किनाऱ्यांवर समुद्र दिवसातून दोनदा मागे सरतो आणि काही तास त्याचा तळ उघडा पडतो. तो पाहायला जीप लागत नाही, आगाऊ बुकिंग लागत नाही. वेळ मात्र अचूक लागते, आणि नव्या माणसाचं गाडं नेमकं तिथेच अडतं. रविवारी सवडीने दुपारी बाराला खडकावर गेलात तर बहुधा लाटा पाहून परत याल.

मी हे शिकलो ते थोडं कोळीवाड्यातल्या बायकांना विचारून, थोडं किनाऱ्यावरच्या सहली नेणाऱ्या मंडळींकडून आणि बाकीचं खडकावर बसून. ही माहिती एका जागी सापडत नाही, म्हणून इथे क्रमाने मांडतो आहे.

१. आधी ओहोटी शोधा, मग सुट्टी टाका

एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. त्यामुळे भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल सकाळी सातला ओहोटी होती म्हणून आजही सातला असेल, असं धरून चालता येत नाही.

मुंबई आणि उत्तर कोकणात वेळेचा अंदाज बांधायला एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, येईल त्या तासाला पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. तिच्या आधी किंवा नंतर सहा तासांनी, म्हणजे नऊच्या आसपास, ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी सव्वापाचच्या आगेमागे. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी ऐन बाराला. भिंतीवरचं पंचांग बघून हे तोंडी जमतं. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो आणि खाडीत आत गेलं की वेळ आणखी उशिराची होते, तरी कोणता आठवडा मोकळा ठेवायचा हे एवढ्यावर ठरतं.

तिथीवरून वेळ कळते. पाणी किती खाली जाणार हे मात्र तक्त्यातच पाहावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. भांगाच्या दिवसांत जाऊ नका, खालचे खडक उघडेच पडणार नाहीत. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते काढतो, मोबाईलवर त्यासाठी ॲपही आहेत. मुंबईसाठी ओहोटीची उंची ०.६ मीटर किंवा त्याहून कमी दिसली की तो दिवस कामाचा.

इथे एक मोठा सापळा आहे. एकाच दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एक अर्ध्या मीटरच्या खाली जाते, तर दुसरी दीड मीटरवरच थांबते, असं मुंबईत सर्रास होतं. त्यामुळे नुसती वेळ पाहू नका, वेळेपुढचा आकडाही पाहा. संध्याकाळची ओहोटी खोल असेल तर चतुर्दशी ते अमावास्या किंवा पौर्णिमा हे दिवस धरा, म्हणजे ओहोटी उजेडात, पाचच्या आसपास मिळते. सकाळची खोल असेल तर द्वितीया-तृतीया बऱ्या, म्हणजे साडेसात ते साडेआठ. दोन दिवस इकडेतिकडे झाले तर सगळं काळोखात उरकावं लागतं.

पावसाळ्यात खडकांवर जाऊ नका. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, शेवाळ निसरडं असतं आणि लाटेचा भरवसा नसतो. ऑक्टोबर ते मे हा हंगाम, त्यातही नोव्हेंबर ते मार्च चांगला. गोव्याकडे जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की तिथे उधाणातही पाण्याचा चढउतार दोनेक मीटरच असतो, तर मुंबईत तो पाच मीटरच्या घरात जातो. त्यामुळे दक्षिणेकडे जावं तसा उघडा पडणारा पट्टा अरुंद होत जातो. तिथली ओहोटीही मुंबईच्या आधी येते. तक्ता त्या त्या गावाचाच पाहा.

२. जागा: खडप की पुळण

कोकणात खडकाळ किनाऱ्याला खडप म्हणतात आणि वाळूच्या किनाऱ्याला पुळण. दोन्हीकडे वेगळी दुनिया आहे. जीवांचं वैविध्य पाहायचं तर खडप गाठा. मुंबईत कार्टर रोड किंवा बँडस्टँडचे खडक सोयीचे, कारण स्टेशनपासून जवळ आणि माणसांची वर्दळ असते. लहान मुलं बरोबर असतील तर पहिल्यांदा पुळणच बरी: जुहू किंवा गिरगाव चौपाटी. तिथे घसरायची भीती कमी आणि पाहण्यासारखं जमिनीवरच पसरलेलं असतं.

नौदलाच्या किंवा बंदराच्या हद्दीतल्या किनाऱ्यावर परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. बाकी सार्वजनिक किनाऱ्यावर नुसतं पाहायला जायला कागदपत्रं लागत नाहीत. सोबत एक ओळखपत्र असू द्या, संध्याकाळी उशिरा पोलिसांनी हटकलं तर सांगायला सोपं जातं.

३. सोबत काय घ्याल

- पायात मागून पट्टा किंवा नाडी असलेले, तळाला खाचा असलेले जुने बूट. चप्पल, क्रॉक्स, अनवाणी पाय, तिन्ही नको. कालवांची, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांची, धार पात्यासारखी असते.
- टोपी, पिण्याचं पाणी, पूर्ण लांबीची पँट.
- मोबाईलसाठी पाणी न शिरणारं पाकीट आणि गळ्यात अडकवायची दोरी.
- हातभिंग. स्टेशनरीच्या दुकानात मिळतं तेवढं पुरे.
- टॉर्च, भर दिवसासुद्धा. खडकाच्या कपारीत डोकावायला तो लागतोच.
- वही-पेन्सिल. ओल्या हाताने पेनची शाई पसरते.
- जंतुनाशक, पट्टी, चिमटा. खारट पाण्यातली जखम चिघळते, आणि शहरी किनाऱ्यांवर सांडपाणीही येतं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर आधी घेऊन टाका.

बादली, जाळं, काचेची बरणी घरीच ठेवा. ते हाताशी असलं की काहीतरी पकडावंसं वाटतंच.

४. कधी उतरायचं आणि कधी वळायचं

तक्त्यातल्या ओहोटीच्या वेळेआधी तासभर, फार तर दीड तास, किनाऱ्यावर पोचा. पाणी मागे सरत असताना त्याच्या मागोमाग खाली उतरत जा. तक्त्यातली वेळ झाली की त्या क्षणी किनाऱ्याकडे तोंड करा, समोर कितीही छान काही दिसत असलं तरी. मोबाईलवर गजर लावून ठेवा.

हे एवढं ठासून सांगण्याचं कारण आहे. ओहोटीनंतर पहिल्या तासात पाणी जेमतेम हलतं आणि आपण गाफील राहतो. तिसऱ्या-चौथ्या तासाला ते सगळ्यात वेगाने चढतं. एकूण चढउतार चार मीटरचा असेल, तर एकट्या तिसऱ्या तासात पाणी जवळजवळ मीटरभर चढतं. शिवाय ते नेहमी समोरूनच येतं असंही नाही. खडकांमधल्या चरांतून ते तुमच्या मागे आधी भरतं आणि तुम्ही उभे असलेल्या खडकाचं बेट होतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाऊन वेळेचं भान न राखणारे पर्यटक असेच अडकतात. जाताना वाटेतले चर ओळखून ठेवा आणि त्यांच्या पलीकडे फार वेळ रेंगाळू नका.

चालताना पाय वाळूवर किंवा कोरड्या, उघड्या खडकावर ठेवा. हिरवं दिसतं ते घसरतं. तपकिरी-हिरवट, बटणं चिकटवल्यासारखा थर दिसला तर ते शेवाळ नसून झोअँथिड नावाच्या प्राण्यांची वसाहत असते, तिच्यावर पाय पडता कामा नये. पाणी असलेल्या वाळूत चालावं लागलं तर पाऊल न उचलता घासत न्या. वाळूत दबून बसलेलं पाकट (स्टिंग रे मासा) त्या चाहुलीने निघून जातं. त्याच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा बसतो.

५. एक डबकं निवडा आणि बसा

नवीन माणूस सगळा किनारा पालथा घालतो आणि ‘काहीच नव्हतं’ म्हणून परततो. माझा आग्रह असा की पहिल्या खेपेला टोपलीएवढं एकच डबकं निवडा, सूर्य समोर ठेवून बसा म्हणजे तुमची सावली पाण्यावर पडणार नाही, आणि हालचाल बंद करा.

पहिली काही मिनिटं डबकं रिकामं वाटतं. मग तळाचे शंख हलू लागतात. त्यातला एखादा सरपटत, एकसंध गतीने जात असेल तर ती गोगलगाय. गचके देत, मधेच थांबत, मधेच धावत असेल तर तो हर्मिट क्रॅब, दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारा खेकडा. भिंग धरलंत तर शंखाच्या तोंडाशी त्याचे पाय आणि देठावरचे डोळे दिसतात. त्याच्या पोटाकडचा भाग मऊ असतो, म्हणून त्याला शंख लागतो, आणि वाढेल तसा आणखी मोठा शंख शोधावा लागतो. दोघे समोरासमोर आले आणि एकाने दुसऱ्याचा शंख चाचपायला सुरुवात केली, तर नजर हटवू नका. घरांची अदलाबदल होताना पाहायला मिळू शकते.

डबक्याच्या काठावर पांढुरके, बारीक ज्वालामुखीच्या आकाराचे खवले चिकटलेले असतात. ते बार्नाकल. कित्येक जण त्यांना शिंपले समजतात, पण ते खेकडा-कोळंबीच्या कुळातले. कोरड्यावरचे बार्नाकल दार लावून बसलेले असतात. पाण्याखालचे पाहा: टोकाची झडप उघडते, आतून पिसासारखे पाय बाहेर येतात, पाण्यात एक झाडू मारतात आणि आत जातात. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. अन्नाचे कण गाळून घेण्याची ही त्यांची रीत आहे. दोन इंच जागेत असे डझनभर एकाच वेळी चालू असतात, आणि उभ्याने त्यातलं काहीही दिसत नाही.

समुद्रफूल, म्हणजे सी ॲनिमोन, पाण्यात असेल तर त्याचे बोटांसारखे तंतू फुललेले दिसतात. उघडं पडलं की ते स्वतःला मिटून घेतं आणि अंगाला शिंपल्यांचे तुकडे चिकटलेला ओला गोळा तेवढा उरतो. अशा गोळ्यांवर हजारो पाय पडतात, म्हणून तो ओळखायला आधी शिका. तळाच्या रंगाचे छोटे मासे हलल्याशिवाय दिसत नाहीत. कोळंबीची पिल्लं इतकी पारदर्शक असतात की त्यांची सावली आधी दिसते. खडकावर पांढरी किंवा पिवळी फीत गुंडाळून ठेवल्यासारखी दिसली तर ती समुद्री गोगलगायीची अंडी असण्याची शक्यता मोठी, आणि आई जवळपास असू शकते. कपारीच्या तोंडाशी खेकड्यांच्या कवचांचा ढीग पडला असेल तर आत टॉर्च मारा. ऑक्टोपस आपल्या जेवणाचं उष्टं असंच दाराशी टाकतो. हात मात्र आत घालू नका.

दगड उलटवू नका. दगडाखालचे जीव अंधार आणि ओल यांच्या भरवशावर जगतात, उन्हात आले की वाळून मरतात.

बसून झाल्यावर उठून वर-खाली नजर टाका. वरच्या, बराच वेळ कोरड्या राहणाऱ्या खडकावर बारीक गोगलगायी, त्याखाली बार्नाकल आणि कालवं, अगदी खाली झोअँथिड, स्पंज, समुद्रफुलं. किती वेळ पाण्याबाहेर तग धरता येते, त्यावर ज्याची त्याची पातळी ठरते. एकदा हे पट्टे दिसायला लागले की कोणताही खडकाळ किनारा ओळखीचा वाटू लागतो.

६. पुळणीवर काय पाहाल

वाळूवर बाजरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसते, मधल्या बिळापासून चहूकडे पसरलेली. बारीक खेकडे तोंडाने वाळू चाळतात, त्यातलं अन्न खातात आणि उरलेली वाळू गोळी करून मागे टाकतात. लांबच बसा, थोड्या वेळात सगळे बाहेर येतात.

शिंपल्यावर ड्रिलने पाडल्यासारखं गोल भोक दिसलं तर तो मून स्नेल या शंखाचा उद्योग. तो शिंपल्याला भोक पाडून आतलं मांस खातो. त्याची अंडीही पुळणीवर सापडतात: वाळूचीच, पातळ, कॉलरसारखी वळलेली कडी. लोकांना ती रबराचा किंवा प्लास्टिकचा तुकडा वाटते आणि किनारा साफ करताना कचऱ्यात जाते. सफाई मोहिमेला जाणाऱ्या प्रत्येकाला ती कडी एकदा दाखवायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

खाडीकाठी चिखल असेल तर निवटे पाहा, चिखलावर उड्या मारणारे मासे. आणि एक नांगी अंगाएवढी मोठी असलेले खेकडेही. ती नांगी नरालाच असते, मादीला नाही. चिखलात उतरायची गरज नाही. ऐरोलीला कांदळवन विभागाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून खाडी आणि कांदळवन कोरड्या पायांनी पाहता येतं.

७. कशाला हात लावायचा नाही

पहिलं वर्षभर कशालाच नको. त्यातही या चौघांची नावं घोकून ठेवा.

कोन शंख: शंकूसारखा, नक्षीदार, हातात घ्यावासा वाटणारा. तो विषारी दात भाल्यासारखा मारतो आणि काही जातींचं विष माणसाचा जीव घेऊ शकतं. झोअँथिड: काहींच्या अंगात अतिशय तीव्र विष असतं. पाकट. आणि निळी बाटली, म्हणजे पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर: पावसाळ्यात जुहूसारख्या किनाऱ्यांवर येऊन पडणारा निळा, फुगीर जीव. वाळूवर मेलेला दिसला तरी त्याचे धागे डंख करतात.

निळ्या बाटलीचा डंख झाला तर वाळूने चोळू नका आणि गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्या पाण्याने धुवा, धागे चिमट्याने काढा, सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवा. पाकटाच्या काट्यालाही गरम पाण्याने वेदना कमी होतात, पण काटा खोल गेला असेल तर उपटत बसू नका. या दोन्हींत दवाखाना गाठा. कोन शंखाच्या डंखानंतर एक मिनिटही दवडू नका.

८. शंख-शिंपले घरी आणू नका

रिकामा शंख नेला तर कुणाचं काय बिघडतं, असा प्रश्न मुलं हमखास विचारतात. पाचव्या पायरीतला खेकडा आठवा. किनाऱ्यावर शंख कमी पडले की त्यांना प्लास्टिकची झाकणं अंगावर घेऊन फिरावं लागतं. शिवाय ‘रिकाम्या’ शंखात आत खोल कुणीतरी मिटून बसलेलं असतं, ते घरी वास सुटल्यावर कळतं.

कायद्याची बाजूही आहे. प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्री काकड्या आणि काही जातींचे शंख यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. प्रवाळाचा तुटका तुकडा पिशवीत सापडला तरी अडचण होऊ शकते. नवख्याला कोणता शंख संरक्षित हे ओळखता येत नाही, तेव्हा काहीच न उचलणं सगळ्यात सोपं.

९. फोटो आणि नोंदी

प्रत्येक जीवाचे दोन-तीन फोटो: एक जवळून, एक बाजूने, एक आजूबाजूच्या खडकासकट. शेजारी रुपयाचं नाणं ठेवलंत तर आकार कळतो, फक्त ते परत उचला. वहीत तारीख, तिथी, ओहोटीची उंची, जागा आणि तो जीव काय करत होता ते लिहा. नाव येत नसेल तर वर्णन लिहा. ‘केशरी, नखाएवढा, स्पंजावर’ एवढंही नंतर कामाला येतं.

फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. तिथे जाणकार ओळख पटवून देतात आणि तुमची नोंद अभ्यासकांच्या उपयोगी पडते. घाईने जातीचं नाव ठोकू नका, ‘खेकडा’ किंवा ‘समुद्री गोगलगाय’ इतकंच लिहून पुढचं इतरांवर सोडा. ऑक्टोपस, समुद्रघोडा असं काही सापडलं तर नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. चार दिवसांत तिथे गर्दी होते आणि त्या कपारीत मग कोणी राहत नाही.

१०. पहिली खेप कोणाबरोबर

एकट्याने खडपात जाऊ नका. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम २०१७ पासून चालू आहे आणि त्यांच्या किनारी सहली होतात. पहिली खेप अशा सहलीत केलीत तर डोळा तयार व्हायला मदत होते. ठिकाणं आणि वेळा ओहोटीप्रमाणे बदलतात, तेव्हा नोंदणी आधी करा. मोठ्या गटात असाल तर शक्यतो मागे राहा. पुढचे पाय पाणी ढवळून जातात, आणि ते निवळेपर्यंत थांबणाऱ्याला जास्त दिसतं.

किनाऱ्यावर कालवं काढणाऱ्या, खुबे वेचणाऱ्या कोळी बायका भेटतील. त्यांना मावशी म्हणून हाक मारा, आधी ओळख करून घ्या, न विचारता फोटो काढू नका. कोणत्या चरात पाणी आधी भरतं, कुठला खडक उधाणातच उघडा पडतो, हे त्या क्षणात सांगतात. मात्र प्रश्न त्या परत निघाल्यावर विचारा. ओहोटी जितका वेळ राहते तितकाच त्यांच्या कामाचा वेळ असतो.